आण्णांचा कान

आण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात भडंग खाल्लं गेलं.

बाहेरच्याला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. इचलकरंजीत कुठल्या घरात भडंग खात नाहीत? आमच्या घरात खात नसत. पापड तळले जात नसत. काकडी किसूनच पानात यायची. भाकरी आमटीत कुस्करायची आणि पळी पातेल्याला लागू द्यायची नाही. मांडणीतल्या दर दोन ताटांमध्ये जुन्या लुगड्याचा तुकडा घातलेला असे. आईच्या काचेच्या बांगड्या दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या असत, म्हणजे त्या किणकिणत नसत. लहानपणी मी समजत होते की बांगड्या अशाच विकत मिळतात.

त्या दुपारी आण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. उजव्या कानामागे पट्टी होती, तिच्यावरचा बारीक दिवा हिरवा होता. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "काय आहे गं त्यात?"

"भडंग. पुण्याला न्यायला. ऑफिसात मागतात सगळे."

"काढ की."

आई दारात येऊन उभी राहिली. "सोसायचं न्हाई तुम्हाला."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, थोडं थोडं सोसून बघा. काढ गं वृंदे."

मी पुडा कात्रीने कापला, फाडला नाही. चार दाणे तोंडात टाकले आणि जिभेने भिजवून मऊ करू लागले. ही कला आम्हां भावंडांना चांगली येते.

"मुकी असल्यासारखी काय चघळालीस? चाव."

मी चावले. आई त्यांच्या कानामागे बघत होती.

"कुठला आहे?" आण्णांनी विचारलं. दिवा त्यांना स्वतःला दिसत नसे.

"पिवळा," आई म्हणाली.

"लाल न्हाई ना? मग खा की. तूपण बस, इंदू."

आई बसली नाही, पण आत गेली नाही. आम्ही दोघांनी अर्धा पुडा संपवला. त्यांचा जबडा ताठ होता, खुर्चीच्या हातावर बोटं पांढरी पडली होती. तरी ते खात होते. शेवटी पुड्याच्या तळातला कढीपत्ता काढून म्हणाले, "कुरकुरीत आहे चांगला." मी एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या गाडीत असताना ते गेले. आईने फोनवर जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "मी आत स्वैपाक करत होते. हातातनं परात निसटली. एवढी मोठी परात, फरशीवर. मी डोळे मिटून घेतले. काहीच झालं न्हाई. बाहेर येऊन बघितलं तर दिवा लाल होता आणि हे पेपर धरून बसलेले. म्हटलं, चुकलं माझं. तरी काही बोलले न्हाईत. तेव्हा कळलं मला."

*

पट्टीबद्दल थोडं सांगायला हवं. आता ती घरोघरी आहे, पण तेव्हा कोल्हापूरच्या एका केंद्रात तिची चाचणीच चालू होती.

काही माणसांच्या मेंदूत बाहेरून येणारी संवेदना वाजवीपेक्षा मोठी होऊन पोचते. कुणाला सदऱ्याच्या आतलं लेबल काट्यासारखं टोचतं, कुणाला ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नाही, कुणाला आवाज. कान तपासले तर ते चांगले निघतात. फरक असतो तो पुढे, मेंदू त्या आवाजाचं काय करतो त्यात. डॉक्टर सानिया मुजावर यांनी आम्हाला पहिल्या भेटीत सांगितलं होतं ते मला पाठ आहे.

"चमचा पडल्याचा आवाज तुम्हाला आवाज म्हणून कळतो. यांच्या शरीराला तो हल्ला म्हणून कळतो. हृदय धावतं, मान तापते, हात आवळतात. हे सगळं आधी होतं. मग मेंदू विचारतो, मला इतका राग का आला? आणि समोर जो असेल त्याच्यात कारण शोधतो. राग आधी, कारण मागून."

आण्णा मान खाली घालून ऐकत होते. आई माझ्याकडे बघत नव्हती.

पट्टी हे मोजते. महिनाभर कानामागे ठेवली की कुठली संवेदना त्या माणसात किती पटीने वाढते आणि शरीर तिला कसं उत्तर देतं, याचा नकाशा तयार होतो. त्याला छाप म्हणतात. एकदा छाप तयार झाली की पट्टीला माणसाची गरज उरत नाही. आसपासचा आवाज ऐकून ती त्याच्या वतीने सांगते: हिरवा, पिवळा, लाल. आणि दुसऱ्या कुणी ती कानामागे लावून कळ दाबली, तर त्याच्या मज्जातंतूंना ती तसेच इशारे देते. अर्धा तास त्याला जग तसं लागतं.

हे यंत्र उपचारासाठी होतं. घरच्यांनी समजून घ्यावं म्हणून. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. कुटुंब न्यायालयात वकील अशिलांच्या छापा सादर करू लागले. वधूवर मंडळांच्या माहितीपत्रात रास आणि उंचीच्या खाली छापेचा रकाना आला. आमच्या गल्लीतल्या एका सुनेला सासू म्हणाली, "तो मुद्दाम मारत न्हाई गं, त्याची छापच तशी आहे." आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी लोक गेलेल्या माणसाची छाप लावून बसू लागले. भटजींनी त्याला शास्त्रात आधार शोधला नाही, पण अडवलंही नाही.

*

आण्णा, म्हणजे रामलिंग डाके, धोट्याच्या यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करायचे. शेडमध्ये डझनांनी माग एकदम धडधडत असायचे. बाहेरचा माणूस आत गेला की कानांवर हात घ्यायचा. आण्णा तिथे आयुष्यभर रमले. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी जुने कामगार आले, त्यांतले मुल्लाचाचा म्हणाले, "लई थंड माणूस. आमच्यावर कधी आवाज चढवला न्हाई. माग बिघडला तरी हसून म्हणायचा, त्यालाबी सुट्टी लागती."

आईने त्यांना चहा दिला. कप आधी बशीवर, बशी आधी रुमालावर. मी भिंतीला टेकून बसले होते. हसून बोलणाऱ्या त्या माणसाला भेटायला मला आवडलं असतं.

दादा सुरतेहून आला नव्हता. शाळेत असताना अभ्यास करताना त्याने पेनचं बटण चार-पाच वेळा दाबलं होतं. आण्णांच्या हाताने त्याचं डोकं भिंतीवर आदळलं आणि एका कानातून रक्त आलं. त्या कानाने त्याला अजून कमी ऐकू येतं. फोनवर म्हणाला, "डॉक्टर म्हणतात ना, आजार होता? असेल. तू लाव ती पट्टी, आईला लावू दे, सगळ्या गल्लीला लावा. मला काय कमी ऐकू येतं तेवढं बरं आहे."

"आईसाठी ये," मी म्हटलं.

"आईला सुरतेला आण. इथं शेजारी रात्रंदिवस टीव्ही लावतात. बरं वाटेल तिला."

तो हसला नाही, मीही नाही.

*

आई सुरतेला गेली नाही, पुण्यालाही आली नाही. त्या वर्षात मी अधूनमधून जात राहिले, आणि तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं.

पट्टी फोटोपुढे होती. आईने ती एका छोट्या चांदीच्या ताटलीत ठेवली होती, चार्जरची वायर हाराच्या मागून नेली होती. निरांजन संध्याकाळी लागायचं. हा दिवा अहोरात्र. मी पाणी प्यायले आणि पेला ओट्यावर जरा जोरात टेकवला. आईने स्वैपाकघरातून बाहेर वाकून बघितलं, पण माझ्याकडे नाही. फोटोकडे.

"पिवळा झाला," ती हळूच म्हणाली.

"आई."

"सवय आहे गं. कळतं तेवढं बरं असतं."

ताटांमधले लुगड्याचे तुकडे तसेच होते. बांगड्या काढ म्हणणाऱ्या बायकांना तिने ठामपणे नाही म्हटलं होतं, मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. पण त्यांच्यावरचा दोरा तसाच होता. आता तर एक नवी गोष्ट झाली होती. पूर्वी आण्णा बाजारात गेले की ती जरा मोकळी व्हायची, शेजारच्या काकूंशी दारात बोलायची. आता ते बाजारात जात नव्हते.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा केंद्रातून डॉक्टर मुजावरांचा फोन आला. माणूस गेल्यावर छापेची मुदत वर्षाची असते. पुढे ती घरी ठेवायची, संशोधनाला द्यायची की पुसायची, हे घरच्यांनी ठरवायचं.

"आईला ती लावून बघायची आहे," मी सांगितलं. "म्हणते, संसारभर त्यांच्यासाठी घर शांत ठेवलं. त्यांना ते कसं लागत होतं, एवढं तरी कळू दे. मग कायमची घरी ठेवायची आहे."



"तुम्ही आधी लावा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि त्याआधी एक ऐका. काळोखात डोळ्याची बाहुली मोठी होते, हे तुम्हाला माहीत आहे. मेंदूही आवाजाच्या बाबतीत तसंच करतो. बाहेरून कमी आलं की तो आतलं बटण वाढवतो. शेडमध्ये एकसारखा मोठा आवाज होता, बटण खाली राहायचं. म्हणून तिथे त्यांना बरं वाटायचं. घरी ते वर जायचं. घर जितकं शांत, तितकं वर. निवृत्तीनंतर ते खाली यायला जागाच राहिली नाही. ज्याला आवाज सोसत नाही, त्याला संपूर्ण शांतता हे औषध नसतं. ती दुखणं वाढवते."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. दोऱ्यात बांधलेल्या बांगड्या डोळ्यांपुढे आल्या.

"म्हणजे आईने जे केलं..."

"आईंनी जे केलं ते कुणीही केलं असतं. पण पट्टी लावली तर त्यांना ते अंगानेच समजेल. नुसतं सांगून समजतं त्याहून ते वेगळं असतं."

*

श्राद्धाच्या आदल्या सकाळी मी आईला म्हटलं, आधी मी लावते. ती लगेच तयार झाली. मोठ्या मुलाचा मान होता, तो आला नव्हता, तर मुलीचा. आण्णांच्या खुर्चीवर बसून मी पट्टी कानामागे बसवली आणि कळ दाबली. आई नेहमीसारखी कामाला लागली, फक्त आणखी जपून.

आधी फ्रीज आला. त्याची घरघर कानात नव्हे, दातांत जाणवली. मग कुठेतरी नळाचा थेंब. आईच्या साडीचा काठ फरशीला घासत होता आणि मानेवरून कुणी नख ओढावं तसं मला होत होतं. पण खरं वाईट होतं ते दोन आवाजांच्या मधलं. घर इतकं गप्प होतं की पुढचा आवाज कुठून येणार याची वाट बघण्यावाचून कानांना काम नव्हतं. माझं सगळं अंग एक कान झालं होतं. ती पाऊल दाबून टाकत होती आणि मी त्या पावलासाठी ताटकळत होते.

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. खाली कापड, वर कापड. आवाज आला तो एवढासा, मऊ, दबका. माझ्या छातीत तो गुद्द्यासारखा बसला. मान तापली. जबडा आवळला. आणि मग राग आला. तो माझा नव्हता, पण माझ्यातच होता, आणि त्याला कारण लगेच सापडलं: हिला कळत नाही का? एवढं सांगून हिला अजून कळत नाही? हे वाक्य आण्णांच्या आवाजात आलं असतं तर मी घाबरले असते. ते माझ्याच आवाजात आलं. तोंड उघडलं होतं. उजवा हात टेबलावर आपटायला वर गेला होता.

तिथे काहीतरी होतं. राग आणि हात यांच्यामध्ये एक फट होती. अरुंद होती, दार किलकिलं असावं इतकीच. पण होती. मी हात खाली घेतला आणि पट्टी ओढून काढली.

त्या फटीतून मला बाहेर पडता आलं. मला एकदाच पडायचं होतं. आण्णांना रोज, प्रत्येक झाकणाला, प्रत्येक पावलाला. त्यांना ती फट दिसत होती की नाही, हे छाप सांगत नाही. तिच्यात दुखणं उतरतं. दुखल्यावर माणूस काय करतो, ते उतरत नाही. एवढं मात्र मला माहीत आहे की एका दुपारी खुर्चीचा हात घट्ट धरून, बोटं पांढरी पडेपर्यंत, ते भडंग खात राहिले होते.

"कसं होतं?" आईने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर शाळेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरीसारखं काहीतरी होतं. "शांत वाटलं ना?"

"उद्या बोलू," मी म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी पानं उठली, भटजी गेले, शेजारच्या काकू डबा घेऊन गेल्या. आई ताटं पुसून मांडणीत लावत होती. एक ताट, एक तुकडा, एक ताट. फोटोपुढचा दिवा हिरवा होता. मी रात्री ठरवलं होतं की पट्टी संशोधनाला देऊ, छाप बिघडली आहे, लावता येणार नाही, असं सांगू. थोडं खोटं, पण तिच्या सगळ्या संसारावर पाणी पडण्यापेक्षा बरं.

"आई, ती पट्टी तू लावू नकोस."

"का?"

"बिघडली आहे."

तिने हातातलं ताट मांडणीत ठेवलं, त्यावर तुकडा नीट पसरला. "वृंदे, तुला खोटं बोलता येत न्हाई. तू लहानपणापासनं नुसती गप्प बसतीस. दोन्ही वेगळं असतं."

मी पुढचं ताट उचलून तिच्या हातात दिलं.

"डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "केंद्रात, हे कपडे बदलत होते तेव्हा. म्हणाल्या, घरात थोडा आवाज ठेवा. पंखा, रेडिओ. हळूहळू वाढवा. शांततेनं वाढतंय त्यांचं."

"तुला माहीत होतं?"

"घरी आल्यावर लावला मी रेडिओ. हे अंघोळीला गेले होते. बटणावर हात ठेवला आणि उभी राह्यले. बातम्या लागल्या होत्या. न्हाणीचं दार वाजल्याबरोबर बंद केला. काही झालं नव्हतं गं, ते बाहेर पण आले नव्हते. माझा हातच ऐकेना." तिने पदराने कोरडाच हात पुसला. "सगळे म्हणतात, इंदूनं नवऱ्यासाठी घर कसं शांत ठेवलं. मीपण म्हणायचे. म्हणून लावायची होती मला ती. एकदा कानांनी ऐकायचं होतं की ते त्यांच्यासाठी होतं."

"आणि?"

"न्हाई गं," आई म्हणाली. "ते काय त्यांच्यासाठी नव्हतं."

पुढचं ती बोलली नाही. बोलायला एक शब्द होता. तो आमच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. दादाने गाव सोडलं तेव्हाही त्याने नोकरीचं कारण सांगितलं होतं. मी पुण्याला शिकायला गेले ते चांगलं कॉलेज आहे म्हणून. आण्णांनी ज्या शांततेत आयुष्य काढलं आणि जी त्यांना आतून सोलत होती, ती आम्ही तिघांनी त्या एका शब्दावर झाकण म्हणून ठेवली होती. त्यांना तो कुणी सांगितला असता तर त्यांनी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. कदाचित ताट फेकलं असतं. कदाचित खुर्चीचा हात धरला असता.

मी उठून फोटोपुढे गेले. ताटलीत पट्टी होती, हिरवी. आयुष्यभर या घरात बोललेला आवाज बाजूला ठेवून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावं तशा आवाजात मी म्हटलं, "आण्णा."

पिवळा.

"तुम्हाला दुखत होतं. ते मला काल कळलं. फार दुखत होतं."

दिवा लाल झाला. माझ्या मागे आई उठली असेल, मला थांबवायला येत असेल, असं वाटलं. पाऊल ऐकू आलं नाही. आमच्याकडे येत नसतं. मग काहीतरी किणकिणलं. वळून बघितलं तर ती मांडणीपाशीच बसली होती आणि दातांनी मनगटावरचा दोरा तोडत होती.

मी पुन्हा फोटोकडे तोंड केलं. दिवा लालच होता. तो तसाच राहू दिला.

"आणि मला तुमची भीती वाटायची," मी म्हटलं. "आण्णा, आम्हां सगळ्यांना तुमची भीती वाटायची."